वापसा तर येऊ द्या की, मॅडम!

वैरागला बँकेत बदली झाली आणि भाड्याच्या घरामागे अर्धा गुंठा मोकळी जागा मिळाली. अर्धा गुंठा म्हणजे साधारण साडेपाचशे चौरस फूट. डोंबिवलीत आमचं अख्खं घर तेवढं आहे. घरमालकीण आक्का म्हणाल्या, "पडीकच हाय, करा काय करायचं ते." मी आयुष्यात कुंडीतल्या तुळशीपलीकडे काही वाढवलं नव्हतं, आणि ती तुळससुद्धा आईच वाढवायची. पण दसरा नुकताच झाला होता, पावसाने उघडीप दिली होती, पहाटे चादर अंगावर ओढावीशी वाटू लागली होती. मोबाइलवरच्या चित्रफिती एकमुखाने सांगत होत्या की भाजीपाल्याच्या बागेला हिवाळ्यासारखा मोसम नाही. म्हटलं, करू सुरू.

वैरागसारख्या ठिकाणी नवशिक्याची जी पंचाईत होते ती मुंबईत होणार नाही. मुंबईत विचारायला कुणी नसतं. इथे पीककर्जाचा कागद घेऊन काउंटरपुढे उभा असलेला प्रत्येक माणूस या विषयातला जाणकार, आणि प्रत्येकाचं म्हणणं वेगळं. त्यात इकडचा सगळा हिशेब एकरात चालतो. "मेथीला एकरी दहा-बारा किलो बी लागतंय," "शेणखत एकरी पाच ट्रॉल्या तरी टाका." अर्धा गुंठा म्हणजे एकराचा ऐंशीवा भाग. बँकेत असल्यामुळे भागाकार जमला. मेथीचं बी निघालं दीडशे ग्रॅम. पण ट्रॉलीचा सोळावा हिस्सा शेणखत कुणाकडे मागायचं? शेवटी गल्लीतल्या एका गोठ्यावरून घमेल्याघमेल्याने आणलं. तिथेही परीक्षा झालीच. वरचं ताजं शेण उचलायला वाकले तर गोठ्याच्या मालकीणबाईंनी हात धरला, "ते न्हाय, हुमणी लागंल." अर्धवट कुजलेल्या खताबरोबर हुमणीच्या अळ्या येतात, वाळवीचंही फावतं. चांगलं मुरलेलं खत काळं, भुसभुशीत असतं, त्याला वास नसतो आणि हाताला ऊब लागत नाही, हे ज्ञान मला उकिरड्याच्या काठावर उभं राहून मिळालं.

खरी चक्रावून टाकणारी गोष्ट मात्र माती. चित्रफितींतली माती कुंडीत असते. कोकोपीट, गांडूळखत, वाळू यांचं प्रमाण सांगतात आणि चमच्याने कालवून दाखवतात. माझ्यापुढे होती ती बार्शी तालुक्याची काळी जमीन. शेजारच्या प्लॉटवर घराचा पाया खणला होता, तिथे ती पुरुषभर खोल दिसत होती. खाली पांढरट चुनखडी. परतीच्या पावसाची एक सर येऊन गेल्यावर मी उत्साहाने कुदळ घेऊन उतरले. चपला मातीतच राहिल्या. कुदळीला चिकटलेला गोळा काढायला खुरपं लागे आणि खुरप्याला चिकटलेला काढायला बोटं. आक्का जिन्यावर उभ्या राहून बघत होत्या. "आवो मॅडम, काय करायल्यात? वापसा तर येऊ द्या की!"

बरं, म्हणून थांबले. पुढे कडक ऊन पडलं. पुढच्या रविवारी जाऊन बघते तो त्याच जमिनीला बोट जाईल अशा भेगा, आणि ढेकळं इतकी कडक की कुदळ उसळून परत येई. म्हणजे मागे फार ओली होती, आता फार सुकी, मग मधली वेळ, म्हणजे वापसा, होती कधी? मी बँकेत असताना येऊन गेली, असं आक्का शांतपणे म्हणाल्या. थोडं पाणी सोडून, पुन्हा वाट पाहून, ती वेळ आम्ही परत आणली. ओळखायची रीत त्यांनीच दाखवली. चार बोटं खोलीवरची मूठभर माती घेऊन दाबायची आणि तो गोळा कमरेच्या उंचीवरून सोडायचा. पचकन पसरला तर ओल जास्त. गोळाच वळत नसेल तर उशीर झाला. खाली पडून त्याचा भुगा झाला की उतरावं कुदळ घेऊन.

यामागचं कारण मी नंतर वाचलं आणि माझी या जमिनीवरची चीड थोडी कमी झाली. या खोल काळ्या मातीत निम्म्याच्या वर चिकण भाग असतो. त्यातली स्मेक्टाइट गटातली खनिजं पाणी शोषून फुगतात, वाळली की आकसतात. भेगा त्यामुळेच. ओली असताना तिला तुडवलं तर आतली पोकळी दबते आणि सुकल्यावर मुळांना वाट राहत नाही. पण हीच माती पाणी धरूनही ठेवते, महिनोन्महिने. सोलापूर जिल्ह्यात वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. त्यातला भरवशाचा येतो सप्टेंबरात. तो जमिनीत मुरवायचा आणि थंडीत त्या ओलीवर ज्वारी घ्यायची, हा इथला शेकडो वर्षांचा शिरस्ता. शेजारच्या मोहोळच्या संशोधन केंद्रावर १९३० च्या दशकात निवडलेली मालदांडी ३५-१ ही ज्वारी अजून शेतात उभी दिसते. सोलापूरला १९३३ पासून कोरडवाहू शेतीचं संशोधन केंद्र आहे, ते याच कोड्यावर काम करत आलं आहे: पडलेलं थोडंसं पाणी जमिनीत टिकवायचं कसं.

म्हणजे हिवाळा हा बागेचा मोसम, हे वाक्य खरं, पण इथे त्याचं कारण वेगळं. पुण्याच्या एका बाईंनी चित्रफितीत सांगितलं होतं की गारव्याने भाज्या खूश असतात. वैरागला जानेवारीतसुद्धा दुपारी पारा तिशीच्या आसपास असतो. स्वेटर सकाळी दहाला निघतो. गारवा रात्रीपुरता. इथला हिवाळा बागेचा, कारण जमिनीच्या पोटात ओल असते. हे उमगेपर्यंत मी एकाच बागेसाठी दोन वेगळ्या गावांचे सल्ले ऐकत होते आणि ते एकमेकांशी जुळत का नाहीत म्हणून डोकं धरत होते.

बी आणायला कृषी सेवा केंद्रात गेले. दुकानदाराने विचारलं, "किती क्षेत्र?" मी सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने पालकाची एक छोटी पुडी, मुळ्याची एक, गाजराची एक अशी पुढे केली आणि म्हणाला, "धने, मेथी, लसूण घरातलंच टाका." हे मला अपमानासारखं वाटलं होतं, पण तो बरोबर होता. फोडणीच्या डब्यातली मेथी उगवते. भाजलेली नसली म्हणजे झालं. लसणाचे गड्डेही बाजारातलेच चालतात; बाहेरच्या बाजूच्या ठोसर पाकळ्या निवडायच्या, आतल्या चिमुकल्या पाकळ्या खाऊन टाकायच्या, आणि टोकाची बाजू वर ठेवून खोचायच्या. फ्लॉवरची रोपं मात्र मी हट्टाने घेतली. फोटोत तो फार देखणा दिसतो.

धन्यांनी माझा अंत पाहिला. मेथीने चार-पाच दिवसांत जमीन वर उचलली. धन्यांच्या वाफ्यात शुकशुकाट. रोज सकाळी मी वाकून बघायची आणि गल्लीतून जाणारे मला बघायचे. एकजण म्हणाला बी जुनं असेल, दुसरा म्हणाला मुंग्यांनी नेलं. आक्कांनी विचारलं, "रगडून टाकलेत का?" मला वाटलं शब्द ऐकण्यात चूक झाली. धणा हे एक बी नाही. ते फळ, आणि त्यात दोन बिया असतात. म्हणून धने फरशीवर पसरून चपलेच्या सपाट तळव्याने हलकेच रगडायचे, फाकी वेगळ्या करायच्या, रात्रभर भिजवायच्या आणि मग पेरायच्या. तसे टाकलेले दहा-बारा दिवसांत आले. आधीचे अख्खेही आले, पण मागून, रेंगाळत, विरळ.

आक्कांनी स्वतःहून दोन गोष्टी टाकायला लावल्या ज्या कुठल्याच चित्रफितीत नव्हत्या, करडई आणि हरभरा. करडई तेलाची असते एवढंच मला ठाऊक. इकडे तिची कोवळी भाजी करतात, लसणाची फोडणी देऊन, भाकरीबरोबर. पेरल्यावर तीनेक आठवड्यांत उपटायची, कारण पुढे तिला काटे येतात. ज्वारीच्या शेताच्या कडेने करडईच्या ओळी लावतात त्या याच काट्यांसाठी, की जनावर आत शिरू नये. मी कुंपणाच्या तारेला लागून एक ओळ मुद्दाम उपटली नाही. गल्लीत शेळ्या आहेत, आणि शेळीला आपला-परका वाफा कळत नाही. काटे धरेपर्यंत तिथे जुन्या साडीचा आडोसा होता. एका दुपारी एक शेळी साडीखालून आत आली आणि पालकाचा अर्धा वाफा साफ करून गेली. पालक बुडख्यातून पुन्हा फुटतो म्हणून वाचला.

पाण्याबद्दल तर सगळ्यांचं भांडणच होतं. नळाचं पाणी रोज येत नाही, बोअरचं मचूळ. सांडून वाळलं की फरशीवर पांढरा थर धरतो. मला वाटायचं झाडाला रोज पाणी हवं. माणसाला नाही का लागत? दुपारी पानं माना टाकायची आणि मी बादली उचलायची. आक्का म्हणायच्या, "संध्याकाळी बगा." संध्याकाळी पानं ताठ. दुपारच्या उन्हात मान टाकणं आणि तहान लागणं या दोन गोष्टी वेगळ्या. सकाळीही पान मलूल असेल तर पाणी द्यायचं. आणि दिलेल्या पाण्यापेक्षा खुरपं जास्त कामाचं. "एक कोळपणी, अर्धं पाणी" असं इकडे बोलतात, ते मी आधी म्हण म्हणून ऐकलं. मग एका वाफ्यात ओळींच्या मधली माती दोन बोटं खोल खुरपून भुसभुशीत केली, भेगा बुजवल्या, वर वाळलेला पाला पसरला. शेजारचा वाफा तसाच ठेवला. न खुरपलेल्या वाफ्यात भेगा रुंदावत गेल्या आणि वीतभर खोलवर माती कोरडी झाली. खुरपलेल्या वाफ्यात बोट घातलं तर गार लागे. भेग म्हणजे ओल उडून जायची उघडी खिडकी, ती बंद करायला पाणी लागत नाही, मनगट लागतं.

टोमॅटोची चार रोपं होती, त्यांची कोवळी पानं पिवळी पडायला लागली. शिरा मात्र हिरव्या. मी शेणखत घातलं, पाणी कमी केलं, वाढवलं. दुकानदाराने फोटो बघून एका शब्दात सांगितलं, "लोह." चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही ते झाडाला उचलता येत नाही. हिराकस शेणखतात मिसळून थोडे दिवस मुरवायचं आणि बुंध्याशी द्यायचं. नवी पानं हिरवी आली. जुनी पिवळी तशीच राहिली, ती परत हिरवी होत नाहीत.

हरभऱ्याचे शेंडे खुडायचे असतात, म्हणजे फांद्या जास्त फुटतात आणि शेंड्यांची भाजीही होते. मी भल्या सकाळी, दव असताना गेले. थोड्या वेळाने बोटं चरचरायला लागली, आणि नखाजवळ जिथे सोललं होतं तिथे तर झोंबलं. मला वाटलं कुणी काही फवारलंय. ती हरभऱ्याची आंब. पानांवरच्या बारीक लवेतून मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल पाझरतं. पूर्वी बायका पहाटे पांढरं फडकं हरभऱ्यावरून फिरवून, पिळून, ही आंब बाटलीत भरून ठेवत, पोटदुखीवर म्हणून. आक्कांच्या फडताळात तशी एक बाटली अजून आहे. वास घेतला, चव घ्यायचं धाडस झालं नाही.

आक्कांचं माहेर तुळजापूरकडचं. त्यामुळे मार्गशीर्षातली अमावस्या, त्यांच्या तोंडची येळवस, त्यांना चुकवायची नसते. त्यांच्या भावाच्या शेतात कडब्याची कोपी, आत पांडव म्हणून मांडलेले दगड, मडक्यात आंबील, आणि भज्जी, म्हणजे मिळतील तितक्या पालेभाज्या आणि ओल्या शेंगांचे दाणे डाळीचं पीठ लावून शिजवलेले. त्या भज्जीत माझी मेथी, पालक आणि हरभऱ्याचे शेंडे गेले. कुणाला वेगळी चव लागली नाही. मी मात्र सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होते.

मग आभाळ आलं. थंडीतलं ढगाळ वातावरण म्हणजे मावा, हे वाक्य काउंटरवर मी शंभरदा ऐकलं होतं आणि मान डोलावली होती. आता करडईच्या शेंड्यांवर काळी रांग चिकटलेली, पानं चिकट. पुन्हा सल्ल्यांचा पाऊस. कुणी राख टाका म्हणालं, कुणी साबणाचं पाणी. एकाने अशा औषधाचं नाव सांगितलं की डब्यावरचं चित्र बघूनच मी तो परत ठेवला. ज्या भाजीचं पान उद्या ताटात यायचंय तिच्यावर ते मारायला मन धजेना. ५ टक्के निंबोळी अर्काचं प्रमाण सगळीकडे छापलेलं असतं, पण निंबोळ्या गोळा करायच्या असतात जून-जुलैत. थंडीत त्या कुठून आणणार? दुकानातलं नीमतेल आणलं. ते मारायच्या आधीच करडईवर लाल पाठीचे, काळ्या ठिपक्यांचे ढालकिडे दिसायला लागले. तेही औषधाने मारायचे कीटक असं मला वाटलं होतं. ते आणि त्यांच्या अळ्या मावा खातात. मग करडईची ती ओळ त्यांच्यावरच सोडली आणि नीमतेल फक्त टोमॅटोवर मारलं. ऊन पडलं, मावा हटला. श्रेय ढालकिड्यांचं की उन्हाचं, यावर काउंटरवर अजून एकमत नाही.

भोगीच्या भाजीत माझं गाजर घालायचं ठरलं होतं. त्या सकाळी खणून काढलं तर एकालाही सरळ मूळ नव्हतं. दोन पायांची, तीन पायांची, एक तर मांडी घालून बसलेलं. चिकण जमिनीत मुळाला खाली जायला वाव मिळाला नाही की ते फाटे फोडतं. गाजर-मुळ्यासाठी वीतभर उंच गादीवाफा करून त्यात भरपूर मुरलेलं खत घालावं लागतं. मुळ्याला मी तसा केला होता, तो सरळ आला. गाजर सपाट वाफ्यात होतं. चव चांगली होती. तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरीबरोबर खाताना पाय कुणी मोजले नाहीत. दुपारी निम्मी गल्ली सोलापूरच्या गड्डा यात्रेला गेली आणि मी मटारला लागलेली भुरी बघत बसले.

फेब्रुवारीत दुपारचं ऊन एकदम बदललं. कोथिंबीर फुलावर आली, पालक उंच वाढून बियांच्या मागे लागला, मटारच्या शेंगा मूठभर मिळाल्या. फ्लॉवरने चार महिने पानंच पानं काढली, आणि गड्डा धरला तो लिंबाएवढा. दोन दिवसांत पिवळा पडून सुटा झाला. लसणाची पात पिवळी पडून कलली तेव्हा आक्कांनी सांगितलं, "आता पाणी तोडा." सुकलेल्या काळ्या जमिनीतून लसूण ओढून निघत नाही, पात हातात येते, खुरप्याने बाजूने उकरून काढावा लागला. गड्डे लहान, पण झणझणीत. जुड्या बांधून स्वयंपाकघरात टांगल्यात, अजून पुरतायत.

तुमची बदली इकडे झाली आणि घरामागे काळी जमीन असेल तर दसऱ्याच्या सुमारास तयारीला लागा, चित्रफिती बंद ठेवा आणि शेजारच्या आक्कांना विचारा. पहिल्या वर्षी मेथी, लसूण, करडई, हरभरा आणि रगडलेले धने एवढंच टाका. मुळा हवाच असेल तर गादीवाफ्यावर. खुरप्याला दुकानात धार लावून घ्या. आणि फ्लॉवर बाजारातूनच आणा.